डिटेक्टर मंद असला तरी लेझरने सेंटीमीटर मोजता येतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका गोदामात एकाच गॅन्ट्रीवर, म्हणजे रूळ बसवलेल्या उंच सांगाड्यावर, दोन क्रेन धावतात. त्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून एकीवर लेझर आणि दुसरीवर परावर्तक पट्टी लावून ३० मीटरपर्यंतचं अंतर ५ सेंटीमीटरच्या आत मोजायचं आहे. क्रेन चालताना डुलते, म्हणून प्रकाश टिपणारा डिटेक्टर म्हणून मोठ्या क्षेत्रफळाचा फोटोडायोड घेतलाय, बीपीडब्ल्यू३४. पल्स सोडून परतीची वेळ मोजली तर आकडा दोन-अडीच मीटरने नाचतो. कुणीतरी सांगितलं, एक गिगाहर्ट्झचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप) लावा. लावावा का? आणि पुढे हाच डबा फ्लाय-ॲशच्या (कोळशाच्या बारीक राखेच्या) सायलोवर पातळी मोजायला चालेल का?

एडीसी लावू नका. काही मेगाहर्ट्झच्या डिटेक्टरमागे गिगाहर्ट्झचा एडीसी लावलात तर तुम्हाला एक लोळत चढणारी कड अतिशय बारकाईने दिसेल, एवढंच. पैसे मात्र डिटेक्टरच्या शंभरपट जातील.

आधी आकडे समोर ठेवू. प्रकाश जाऊन परत येतो, म्हणून १ नॅनोसेकंद म्हणजे १५ सेंटीमीटर. ५ सेंटीमीटर म्हणजे एक तृतीयांश नॅनोसेकंद. बीपीडब्ल्यू३४ च्या डेटाशीटमध्ये १ किलोओहम लोड आणि १० व्होल्ट रिव्हर्स बायसवर (डायोडला उलट दिशेने दिलेल्या व्होल्टेजवर) राइज टाइम, म्हणजे सिग्नल चढायला लागणारा वेळ, १०० नॅनोसेकंद दिलाय. बँडविड्थ साधारण ०.३५ भागिले राइज टाइम, म्हणजे साडेतीन मेगाहर्ट्झ. १०० नॅनोसेकंद आणि एक तृतीयांश नॅनोसेकंद यांतली तीनशेपटीची तफावत पाहून माणूस घाबरतो आणि महाग पार्ट शोधायला लागतो. पण ही तुलनाच चुकीची आहे. राइज टाइम म्हणजे मोजणीतली चूक नव्हे.

प्रकाशाचा वेग जमिनीवर पहिल्यांदा मोजला गेला तो १८४९ साली. फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसजवळ सुरेन आणि मोंमार्त्र यांच्यामध्ये, ८.६ किलोमीटरवर आरसा ठेवून, ७२० दात्यांच्या फिरत्या चाकातून प्रकाश सोडला. जायला-यायला लागणारा वेळ सुमारे ५७ मायक्रोसेकंद. डिटेक्टर कोणता? माणसाचा डोळा, ज्याला सेकंदाच्या पन्नासाव्या भागातली उघडझापही धड दिसत नाही. चाक सेकंदाला साडेबारा फेऱ्यांच्या आसपास पोचलं की परतणारा प्रकाश पुढच्या दात्यावर अडायचा आणि ठिपका विझायचा. उत्तर सेकंदाला ३,१३,००० किलोमीटर आलं, म्हणजे खऱ्यापेक्षा साडेचार टक्के जास्त. डोळ्याने वेळ मोजलीच नाही. वेळेचं काम चाकाने केलं आणि डोळ्यापुढे फक्त 'उजेड की अंधार' एवढा संथ प्रश्न ठेवला. मंद डिटेक्टरवर आजवर जेवढे उपाय निघाले ते सगळे या एका युक्तीचे अवतार आहेत: वेळेची माहिती मंद भागापर्यंत पोचायच्या आत तिचं फेज (लाट आपल्या फेऱ्यात किती पुढे-मागे आहे ते), फ्रिक्वेन्सी किंवा उजेडाचं प्रमाण अशा कुठल्यातरी निवांत राशीत रूपांतर करायचं.

पण त्याआधी 'रिझोल्यूशन' म्हणजे तुम्हाला काय हवंय ते ठरवा. एकाच वस्तूचं अंतर बारकाईने सांगणं वेगळं, आणि एकामागे एक असलेल्या दोन वस्तू वेगळ्या ओळखणं वेगळं. पहिल्यात मंद डिटेक्टरला फक्त सिग्नल-टू-नॉइज अडवतो, आणि तो वाढवता येतो. दुसऱ्यात बँडविड्थच अडवते: प्रकाशाचा वेग भागिले बँडविड्थची दुप्पट. दहा मेगाहर्ट्झला १५ मीटर, आणि तिथे कितीही सरासरी घेतली तरी फारसं हलत नाही. क्रेनवर एकच पट्टी आहे, म्हणून तुमचं काम पहिल्या जातीचं. सायलो दुसऱ्या जातीचा, त्याकडे शेवटी येतो.

आता डिटेक्टर. तो जेवढा मंद वाटतोय तेवढा नाही, तुम्ही त्याला मंद करून ठेवलाय. शून्य बायसवर बीपीडब्ल्यू३४ चं कपॅसिटन्स ७० पिकोफॅरॅड असतं, ३ व्होल्टवर २५ च्या आसपास येतं, आणखी बायस दिलात तर आणखी उतरतं. दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ८५० किंवा ९०५ नॅनोमीटरचा प्रकाश सिलिकॉनमध्ये खोल शिरतो, आणि डिप्लीशन थराच्या (बायस जिथे वाहकांना झटकन ओढतो त्या थराच्या) खाली तयार झालेले वाहक रेंगाळत वर येतात. ऑसिलोस्कोपवर पल्सला जी लांब शेपटी दिसते ती त्यांची. लोड कमी करून ती जात नाही, बायस वाढवून कमी होते. तेव्हा डेटाशीटमधली कमाल मर्यादा पाहून २० व्होल्टच्या आसपास बायस द्या आणि लोड रेझिस्टरऐवजी करंटचं व्होल्टेज करणारा ट्रान्सइम्पीडन्स ॲम्प्लिफायर लावा. दहा मेगाहर्ट्झ सहज मिळतात. एवढं पनवेलपर्यंतही न जाता टेबलावर होतं.

लहान डायोड घेऊन वेग वाढवा असं मी का सांगत नाही? कारण मोठा डायोड घेण्यामागचा तुमचा हिशेब बरोबर आहे. ५० मिलिमीटर फोकल लांबीच्या भिंगामागे हा डायोड ३० मीटरवर सुमारे १६० सेंटीमीटर रुंदीचा चौकोन पाहतो. १ मिलिमीटरचा वेगवान डायोड फक्त ६० सेंटीमीटर पाहील, आणि गॅन्ट्रीच्या रुळाला जोड आला की पट्टी नजरेबाहेर जाईल. क्रेनवर मंदपणा परवडतो, आंधळेपणा नाही.

पल्स पद्धतीतच राहायचं असेल तर काय होतं ते पाहा. दहा मेगाहर्ट्झला राइज टाइम ३५ नॅनोसेकंद. वेळेतली अनिश्चितता साधारण राइज टाइम भागिले सिग्नल-टू-नॉइज. हे गुणोत्तर ५० असेल तर ०.७ नॅनोसेकंद, म्हणजे १० सेंटीमीटर. शंभर पल्सची सरासरी घेतली तर वर्गमुळाच्या नियमाने १ सेंटीमीटर. कागदावर काम संपलं. प्रत्यक्षात तुमचा आकडा दोन-अडीच मीटरने नाचतोय त्याचं कारण नॉइज नाहीच, ते 'वॉक' आहे. थ्रेशोल्ड, म्हणजे पल्स आली असं ज्या पातळीवर धरायचं ती, स्थिर आहे आणि पल्सची उंची बदलते. सर्वांत क्षीण पल्सच्या निम्म्या उंचीवर थ्रेशोल्ड ठेवला, तर ती पल्स तिथे १७ नॅनोसेकंदांनी पोचते. दहापट मोठी पल्स पावणेदोन नॅनोसेकंदांत. फरक १५ नॅनोसेकंदांहून थोडा जास्त, म्हणजे बरोबर तुमचे २.३ मीटर. पट्टीवर धूळ बसली की क्रेन 'लांब जाते' ती यामुळे, आणि सरासरी घेऊन ही चूक एक मिलिमीटरही कमी होत नाही. पल्सच्या उंचीच्या ठरावीक हिश्श्यावर वेळ पकडणारा कॉन्स्टंट फ्रॅक्शन डिस्क्रिमिनेटर लावा, किंवा पल्स थ्रेशोल्डच्या वर किती वेळ राहिली ते मोजून दुरुस्तीचा तक्ता बनवा. वेळ मोजायला टीडीसी७२०० सारखी चिप पुरते. तिचा एक टप्पा ५५ पिकोसेकंदांचा, म्हणजे ८ मिलिमीटर. साध्या मायक्रोकंट्रोलरच्या १०० मेगाहर्ट्झ काउंटरवर सरासरी घ्यायची असेल तर लेझर त्याच घड्याळाच्या तालावर सोडू नका. दोघांचा ताल एकच असेल तर हजार वेळा मोजूनही तोच पूर्णांक येईल. ताल थोडा सुटा असला की अपूर्णांक आपोआप सरासरीत उतरतो.

तरीही तुमच्या जागी मी पल्सची पद्धत टाकून फेजकडे वळलो असतो. लेझरची तीव्रता साइन लाटेसारखी वरखाली करायची आणि परतलेल्या लाटेची फेज मोजायची. १५ मेगाहर्ट्झला एक पूर्ण फेरा १० मीटरचा. म्हणजे १ सेंटीमीटर हा ०.३६ अंश. ऐकायला बारीक वाटतं, पण इथे मंदपणा तुमच्या बाजूने येतो. १५ मेगाहर्ट्झचा सिग्नल १५.०१ मेगाहर्ट्झच्या लोकल ऑसिलेटरशी, म्हणजे आपणच तयार केलेल्या लाटेशी, मिक्स केला की १० किलोहर्ट्झचा सिग्नल मिळतो आणि फेज जशीच्या तशी खाली उतरते. आता १० किलोहर्ट्झवर १०० हर्ट्झ रुंदीचा फिल्टर लावा. दहा मेगाहर्ट्झच्या उघड्या दारातून येणारा नॉइज एक लाखपट कमी झाला, व्होल्टेजच्या भाषेत तीनशेपट. फेज ०.३६ अंशाला कळायला सिग्नल नॉइजच्या सुमारे १६० पट लागतो. फिल्टरच्या आधी तो नॉइजच्या अर्ध्याएवढा असला तरी भागतं, म्हणजे स्कोपवर लाट दिसतसुद्धा नसेल. परावर्तक पट्टीकडून येणारा प्रकाश त्याहून कितीतरी जास्त असतो.

मॉड्युलेशन किती वर न्यावं, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. वर गेलं की दर सेंटीमीटरला फेज जास्त फिरते, पण डिटेक्टरच्या कटऑफपलीकडे, म्हणजे त्याच्या बँडविड्थच्या मर्यादेपलीकडे, सिग्नल त्याच प्रमाणात खाली येतो. दोन्हींचा गुणाकार केला तर कटऑफवर कमाल फायद्याचा ७१ टक्के भाग मिळतो, दीडपटीवर ८३, दुपटीवर ८९, आणि पुढे नुसती चढाओढ. शिवाय मोठ्या कपॅसिटन्समुळे ॲम्प्लिफायरचा नॉइजही फ्रिक्वेन्सीबरोबर चढतो. म्हणून दीडपटीच्या पुढे मी जात नाही. तुमच्याकडे १० मेगाहर्ट्झ, म्हणून १५.

दहा मीटरचा फेरा आणि मोजायचंय तीस मीटर, तर कितव्या फेऱ्यात आहोत हे कळायला दुसरी फ्रिक्वेन्सी लागते. १२ मेगाहर्ट्झ घ्या. दोन्ही फेजमधला फरक ३ मेगाहर्ट्झसारखा वागतो, आणि त्याचा फेरा ५० मीटरचा. या ढोबळ मोजणीत १० सेंटीमीटर इकडेतिकडे झाले तरी फेरा चुकत नाही.

सामान साधं आहे. एसआय५३५१ ही घड्याळ-चिप दोन्ही फ्रिक्वेन्सी एकाच क्रिस्टलवरून देते. मिक्सरला एसए६१२ चालतो, किंवा हॅम रेडिओवाले वापरतात तो एफएसटी३२५३ स्विच. ठाण्याहून गाडी पकडून मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एक चक्कर मारलीत की बहुतेक गोष्टी हातात येतील. नाही मिळाल्या तर ऑनलाइन मागवा. मिक्स करून थेट शून्यावर उतरवायचा मोह टाळा. घड्याळ-चिपचं आउटपुट चौकोनी असतं, त्यात तिसरी हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सीची लाट, असते. शून्यावर उतरवलंत तर ती मुख्य सिग्नलमध्येच मिसळते. १० किलोहर्ट्झवर उतरवलंत तर ती ३० किलोहर्ट्झवर पडते आणि फिल्टर तिला गाळतो. ४५ मेगाहर्ट्झला तुमचा मंद डायोडही तिला बरंच दाबतो, हा त्याचा आणखी एक उपकार.

आता दुखणी सांगतो, कारण सर्किट चालू झाल्यावर खरे महिने इथेच जातात.

पहिलं दुखणं क्रॉसटॉक. लेझरच्या ड्रायव्हरमधून १५ मेगाहर्ट्झ तारांवरून, ग्राउंडमधून थेट रिसीव्हरमध्ये शिरतं. खऱ्या सिग्नलच्या १ टक्का एवढं जरी शिरलं तरी १.६ सेंटीमीटरपर्यंत चूक होते, आणि ती दर १० मीटरला वरखाली डुलते. जवळ सिग्नल मोठा असतो म्हणून दिसत नाही, लांब गेल्यावर डोकं वर काढते. ड्रायव्हर आणि रिसीव्हर वेगळ्या पत्र्याच्या डब्यांत ठेवा, सप्लाय वेगळे करा, आणि लेझरचं तोंड झाकून उरलेला सिग्नल मोजून ठेवा. तो फेजसकट, म्हणजे सदिश म्हणून, वजा करायचा. नुसती उंची वजा केलीत तर चूक वाढेल.

दुसरं तापमान. कटऑफच्या दीडपटीवर काम करताना डिटेक्टर स्वतःच ५६ अंश फेज मागे टाकतो. उष्णतेने कटऑफ १ टक्का सरकला की अंतर ७ मिलिमीटर सरकलं. मे महिन्यात पत्र्याखाली क्रेनच्या उंचीवर काय होतं ते तुम्ही जाणताच. उपाय एकच: डब्याच्या आत एक छोटी झडप, जी लेझरचा थोडा प्रकाश त्याच डिटेक्टरवर वळवेल. मिनिटातून एकदा त्या ओळखीच्या अंतराची फेज मोजा आणि बाहेरच्या मोजणीतून वजा करा. संदर्भासाठी दुसरा डायोड लावणं सोपं वाटतं, पण दोन डायोड एकसारखे तापत नाहीत. गेनही स्थिर ठेवा, कारण ऑटो-गेन फिरला की फेज फिरते. त्याऐवजी एडीसीचे बिट्स जास्त घ्या. १० किलोहर्ट्झवर ते स्वस्त आहेत.

तिसरं, गोदामातले दिवे. आपल्याकडे १०० हर्ट्झची थरथर असतेच, वर छताच्या एलईडी हायबे दिव्यांच्या ड्रायव्हरची किलोहर्ट्झमधली किरकिर. दिव्यांखाली आधी स्पेक्ट्रम पाहा आणि १० किलोहर्ट्झच्या आसपास काही असेल तर आयएफ, म्हणजे मिक्सिंगनंतरची ही फ्रिक्वेन्सी, सरकवा. चौथं, क्रेनचा वेग. सेकंदाला १ मीटरने जाणाऱ्या क्रेनवर १०० मिलिसेकंदांची सरासरी म्हणजे मोजणीच्या काळातच १० सेंटीमीटर प्रवास. म्हणून वर फिल्टर १०० हर्ट्झचा सांगितला, १० चा नाही.

टेबलावर चाचणी घ्यायला ३० मीटर जागा लागत नाही. लेझरच्या मॉड्युलेशनच्या तारेत आरजी५८ कोॲक्सचे ज्ञात लांबीचे तुकडे घाला. दर मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद, म्हणजे ७५ सेंटीमीटर अंतर वाढल्यासारखं. दहा मीटर केबलने साडेसात मीटर तपासून होतात. लेझर मात्र बंद जागेतच चालवा. ९०५ नॅनोमीटर डोळ्याला दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच पापणी मिटत नाही.

हातात धरायच्या लेझर मीटरमध्ये हीच कल्पना एक पाऊल पुढे नेतात. तिथे ॲव्हलांश फोटोडायोडच्या (सिग्नल आतच अनेकपट वाढवणाऱ्या डायोडच्या) बायसवरच लोकल ऑसिलेटर चढवतात. डायोडचा गेन त्या तालावर वरखाली होतो, म्हणजे मिक्सिंग डायोडच्या आतच, गुणनाच्या थरात होतं. बाहेर येतो तो काही किलोहर्ट्झचा संथ सिग्नल, मग मागचा ॲम्प्लिफायर कितीही मंद असला तरी बिघडत नाही. टाइम-ऑफ-फ्लाइट कॅमेऱ्याचा प्रत्येक पिक्सेलही हेच करतो, म्हणून सेकंदाला ३० चित्रं काढणारा सेन्सर सेंटीमीटर सांगू शकतो. पण बीपीडब्ल्यू३४ सारख्या साध्या पिन डायोडला गेनच नसतो, त्याच्यावर हा प्रयोग करू नका. ॲव्हलांश डायोडचा व्यास अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, क्रेनला निरुपयोगी, आणि तापमानाच्या दर अंशाला बायस एखाद्या व्होल्टने सरकवावा लागतो तो वेगळाच.

लेझरची फ्रिक्वेन्सीच सरकवणारी एफएमसीडब्ल्यू पद्धत दोन वस्तू वेगळ्या करण्यात सगळ्यांत सरस आहे. १ मिलिसेकंदात १० गिगाहर्ट्झ सरकवले तर ३० मीटरवरून २ मेगाहर्ट्झचा बीट (गेलेल्या आणि परतलेल्या फ्रिक्वेन्सीतला फरक) येतो, जो तुमचा बीपीडब्ल्यू३४ आरामात पकडेल, आणि रिझोल्यूशन दीड सेंटीमीटर. मंद डिटेक्टरला यापेक्षा मोठी भेट नाही. पण त्यासाठी अरुंद रेषेचा, सरळ सरकणारा लेझर आणि केसाएवढी अचूक जुळणी लागते. डुलत्या क्रेनवर तो वेडेपणा होईल.

क्रेनबद्दल एक अट: हे यंत्र लिमिट स्विचच्या (हद्द आली की क्रेन थांबवणाऱ्या स्विचच्या) जोडीला लावा, त्याच्या जागी नाही. सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला की अंतराचा आकडा न दाखवता क्रेन थांबवायची. पट्टी पुसायची पाळी आली हे त्याच पातळीवरून कळतं.

आणि सायलो. तिथे आधी धुळीचा ढग आणि त्याखाली राखेचा पृष्ठभाग, दोन्हींकडून प्रकाश येतो. फेज पद्धत दोन्ही लाटांची बेरीज करून मधलंच कुठलंतरी अंतर अगदी आत्मविश्वासाने सांगेल, आणि सरासरी घेतल्यावर तो आकडा सुंदर स्थिरही दिसेल. म्हणून क्रेनचा डबा तिथे चालणार नाही. सायलो डुलत नाही, तेव्हा लहान, वेगवान ॲव्हलांश डायोड आणि ५ नॅनोसेकंदांची पल्स घेऊन शेवटचा प्रतिध्वनी पकडता येईल. ७५ सेंटीमीटरपलीकडचा ढग त्यातून वेगळा होतो. पण भरणी चालू असताना ढग पृष्ठभागालाच टेकलेला असतो आणि तेव्हाच पातळी हवी असते. फ्लाय-ॲशला मी लेझर सुचवत नाही. ८० गिगाहर्ट्झचा रडार ट्रान्समीटर घ्या. धुळीतून तो पाहतो, आणि तुमचे काही महिने वाचतात.